सिरक्याची वाटी

मन्मथ, तू कशानं गेलास असं कुणी विचारलं की मी 'मांडीचं हाड मोडलं होतं' एवढंच सांगतो आणि विषय मिटवतो. तू असतास तर तिथल्या तिथं धरलं असतंस मला. मांडीचं हाड शाबूत होतं भास्कर, मोडली ती वाटी, असं म्हणाला असतास. मांडीच्या हाडाचं गोल डोकं कमरेच्या हाडातल्या ज्या खोलगट वाटीत बसतं, ती वाटी. मग तिचं लॅटिन नाव घेतलं असतंस, मी कपाळाला हात लावला असता आणि आपला अर्धा तास सुखानं वाया गेला असता. आता कुणी धरत नाही. चुकीचं सांगितलं तरी लोक मान हलवतात, 'वाईट झालं' म्हणतात आणि चहा संपवून उठतात.

ॲसिटॅब्युलम. फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाच्या कानावर हा शब्द जन्मात एकदा पडला तरी पुष्कळ झालं. माझ्या कानावर तो उभं आयुष्य पडत राहिला. पहिल्यांदा नांदेडला पडला, वजिराबादेतल्या आपल्या खोलीवर. तू देगलूरचा. घरात कानडी, दुकानात तेलुगू, शाळेत मराठी आणि बाजारात दखनी. अशा गावात वाढलेल्या पोराला कुठला शब्द कुठून आला हे विचारावंच लागतं, नाहीतर भाजीसुद्धा घेता येत नाही, असं तू म्हणायचास. मी औशाचा. आमच्याकडं काळी जमीन आणि एकच भाषा. शब्द कामापुरता धरावा, काम झालं की सोडून द्यावा, असं आमच्या घराण्याचं मत. तू आणि मी एका खोलीत राहिलो हेच नवल.

बारावीनंतर मेडिकलला नंबर लागणारच, या भरवशावर तू निकालाच्या आधीच शरीररचनेचं एक जुनं इंग्रजी पुस्तक घेऊन ठेवलं होतंस. नंबर लागला नाही. पुस्तक राहिलं. त्यात हाडाहाडाच्या नावाखाली बारीक अक्षरात त्या नावाचं कूळ छापलेलं होतं आणि तू तेवढंच वाचायचास. परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा. मी एकदा चिडून म्हणालो, अरे ज्या घरात जायचं नाही त्या घराच्या भिंती कशाला मोजतोस. तू पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणालास, "डॉक्टरकी गेली जाऊ दे. नावं तर कुणी काढून घेत न्हाई ना आपल्याकडून."

तुझं ते वाक्य मला आता सारखं आठवतंय.

लातूरला आलो तेव्हा क्लासेसचं पीक नुकतं वर येत होतं. गंजगोलाईजवळ राहायला खोली घेतली आणि एकाच क्लासमध्ये शिकवायला लागलो, तू बायोलॉजी, मी फिजिक्स. मी पहिलं वर्षभर फळ्याशीच बोलायचो. तूच मला पाठीला धरून वळवलंस. पोरांकडं बघून बोल, फळा काय पळून जात न्हाई, म्हणालास. पुढं माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि दोन महिने आवाज बंद पडला, तेव्हा माझे तास तू घेतलेस. तरफ, बल, आघूर्ण, सगळं कमरेच्या सांध्यावर शिकवलंस. माणूस एका पायावर उभा राहिला की त्या वाटीवर किती भार येतो, ते फळ्यावर काढून दाखवलंस. मी परत आलो तर पोरं म्हणाली, सर, तुम्ही अजून थोडा आराम करा. तेव्हा मला राग आला होता. पण तुझ्यामुळं माझी नोकरी राहिली, हे मी तुला कधी म्हणालो नाही, कारण आपल्यात असलं काही म्हणायची पद्धत नव्हती. आता म्हणतो. ऐकायला तू नाहीस म्हणून म्हणता येतंय, हेही खरं.

तुझ्या त्या शब्दाची गोष्ट तशी छोटी होती. रोमन लोकांच्या जेवणात सिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, एक लहानशी वाटी असायची, तीत भाकरीचा तुकडा बुडवून खायचा. सिरक्याला त्यांचा शब्द ॲसीटम, आणि नावाच्या शेपटीचा अर्थ ते ठेवायचं भांडं. झालं ॲसिटॅब्युलम. आमच्या अम्माची चारूची वाटी, असं तू म्हणायचास, कारण चिंचेच्या पातळ आंबट साराला देगलूरकडं चारू म्हणतात. पुढं त्या वाटीचं मापच ठरलं आणि लोक तिनं तेल, औषधं मोजायला लागले. जादूगार ती पालथी घालून खाली खडा लपवायला लागले. समुद्रातल्या ऑक्टोपसच्या हातांवर चिकटायच्या चकत्या असतात, त्यांनाही कुणीतरी तेच नाव दिलं. आणि कधीतरी एका माणसानं कमरेचं हाड हातात घेतलं, त्यातला खळगा बघितला, त्याला नाव सुचेना, आणि त्याला ताटातली वाटी आठवली. हाड बघून ज्याला जेवण आठवतं तो माणूस उपाशीच असणार, असं तू सांगायचास. सांगताना डाव्या हाताची वाटी करायचास आणि उजव्या हाताची मूठ तीत फिरवायचास.

मग समोरच्या पोरांना सांगायचास की ही वाटी जन्मताना एकसंध नसते. तीन हाडं तिच्या तळाशी येऊन भेटतात आणि त्यांना एकजीव व्हायला पंधरा-सोळा वर्षं लागतात. म्हणजे तुमची वाटी आत्ता कुठं जुळायला लागली, जरा उठा, पळा, एका जागी बसू नका. हे तू कुणाला सांगायचास, तर ज्या पोरांना आपणच उजाडायच्या आत बाकावर बसवायचो आणि अंधार पडल्यावर उठवायचो त्यांना.

माझं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं. पोरांना वाटी लक्षात राहते आणि नाव जातं. एका चाचणीत आख्ख्या बाकानं 'सिरका' असं उत्तर लिहिलं होतं, विसरलास? पोरं तुला मागून 'सिरका सर' म्हणायची, तेही तुला चालायचं. मी म्हणायचो, शब्द हे नाणं आहे, ते कुठल्या टांकसाळीत पडलं ते वाण्याला सांगत बसलं तर तो साखर देत नाही. तू म्हणायचास, साखर खाऊन संपते. मग मी आमच्या मराठी माध्यमाचं शस्त्र काढायचो. आपल्या पुस्तकात त्या खळग्याला उलूखल म्हणतात, म्हणजे उखळ. आणि त्यात बसतं ते हाडाचं डोकं. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला कशाला भ्यायचं, मन्मथ? सांग बरं, रोमन माणसाला सुचलं असतं का असं? त्यावर तू म्हणायचास, उखळात कुटतात, वाटीतून खातात, कमरेनं काय वाईट केलंय. हे भांडण आपण किती वर्षं केलं असेल. त्यात कुणाला जिंकायचं होतं असं मला कधी वाटलं नाही.

एकदा तर तू मला तेरला नेलंस. कुणीतरी सांगितलं होतं की तेरचा व्यापार पार रोमपर्यंत चालायचा आणि तिथल्या संग्रहालयात त्या काळातली भांडी आहेत. तुझ्या डोक्यात भुंगा शिरला. सिरक्याची वाटी एवढ्या लांब आली असेल, इथं, आपल्या शेजारी, तासाभराच्या रस्त्यावर. रविवारची माझी झोप मोडून तू मला बसवर घातलंस. काचेच्या मागं मातीची भांडी मांडलेली. तू एकेकापुढं वाकून उभा राहायचास. शेवटी एका लालसर वाटीपाशी थांबलास, तळहातात मावेल एवढी, काठ जरा आत वळलेला. हीच, म्हणालास. मी म्हणालो, ही इथल्याच कुणा बाईची तेलाची वाटी आहे, तुझ्या रोमचा आणि हिचा काय संबंध. आपला आवाज वाढला तसा तिथला कर्मचारी आला. तू त्यालाच विचारलंस, ही कशाची वाटी असेल. तो म्हणाला, "वाटी हाय साहेब. चला आता, जेवायची सुट्टी झाली."

परतीच्या बसमध्ये तू खिडकीला टेकून म्हणालास की तीच होती. मी म्हणालो नव्हती. लातूर येईपर्यंत आपलं ठरलं नाही, आणि आता ते कधीच ठरणार नाही. खरं सांगू, ती असली काय आणि नसली काय, मला आता काही फरक पडत नाही. फरक पडत नाही याचाच मला त्रास होतो.

मग पालकसभा झाली. तुला आठवत असेल, मला तर तो हॉलमधला पंख्याचा आवाजसुद्धा आठवतो. रेणापूरकडचे एक गृहस्थ उठून उभे राहिले. पोराला दुसऱ्यांदा परीक्षेला बसवत होते. हात जोडून, फार आदबीनं, त्यांनी विचारलं, "सर, ते सिरक्याचं परीक्षेला येतं का?" तू म्हणालास, न्हाई येत. "मग सर..." एवढंच म्हणून ते ओशाळून खाली बसले. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. कुणी हसलं नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सभा पुढच्या विषयाकडं गेली. बाहेर आल्यावर मी तुला चिडवलं, काय सिरकेवाले, आज वाटी पालथी झाली. तू स्कूटर काढलीस आणि निघून गेलास. रागावलास असं वाटलं मला. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर नेहमीसारखा भांडलास, दुसऱ्याच कशावरून तरी, म्हणून मीही ते सोडून दिलं.

टपरीवर तुझी गोष्ट चालूच होती. नवा कुणी मास्तर आला की त्याला तू वाटी दाखवायचास आणि तिसऱ्या वाक्याला मी पैसे द्यायला उठायचो. म्हणून मी धरून चाललो की वर्गातही ती चालूच असणार. त्यानंतर तर क्लासनं स्टुडिओ केला, तुझे तास कॅमेऱ्यापुढं बंद दाराआड व्हायला लागले. तू आत काय शिकवतोस हे मला कळायचं कारण नव्हतं.

बार्शी रोडवर तुझ्या स्कूटरपुढं कुत्रं आडवं आलं. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर एक्स-रे दिव्यापुढं धरून वहिनींना समजावून सांगत होते. त्यांनी तो शब्द उच्चारला. ॲसिटॅब्युलमला फ्रॅक्चर आहे, प्लेट टाकावी लागेल. मन्मथ, मी तुझ्याकडं बघितलं. म्हटलं, आता हा सुरू होणार. एवढ्या वर्षांनी त्याला ऐकायला खरा डॉक्टर मिळालाय, आणि वाटी याची स्वतःची. तू छताकडं बघत पडून राहिलास. मी तुला खुणावलंसुद्धा. म्हणालो, काय मन्मथराव, उखळात डोकं घातलं शेवटी. तू नुसती मान हलवलीस. दुखत असेल, असं मला वाटलं. दुखत होतंच.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. दोन दिवसांत घरी सोडू म्हणाले आणि त्याच दुपारी पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली. वहिनी तुझ्यासाठी भाताची पेज आणायला खाली गेल्या होत्या. त्या वर आल्या तेव्हा नर्स धावत होत्या. पुढचं मला लिहायचं नाही.

देगलूरला तुला नेलं. तुम्हा लिंगायतांत जाळत नाहीत, मांडी घालून समाधीत बसवतात, हे मला ठाऊक होतं, पण बघितलं कधी नव्हतं. तुला अंघोळ घालून, विभूती लावून बसवायला घेतलं आणि तो पाय वळेना. आत प्लेट होती. माणसं थबकली. कुणाला जोर लावायचं धाडस होईना. तुझे थोरले चुलते काठी टेकत पुढं आले, खाली बसले आणि तुझ्या गुडघ्याखाली हात घालून म्हणाले, "हळू रे. दुखल त्येला."

तेवढं ऐकलं आणि मी बाजूला जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. परत वळलो तोवर तू बसला होतास. पुरती मांडी नव्हती, एक पाय जरासा पुढं. डाव्या हाताच्या वाटीत तुझं इष्टलिंग ठेवलं होतं. शिकवायला बसल्यासारखा दिसत होतास. मग माती लोटली.

मातीचं ते काम बघताना मला एक गोष्ट कळली. मी रडत होतो तो मित्रासाठी होतोच, पण त्याहून जास्त, आता माझं म्हणणं खोडून काढायला कुणी नाही म्हणून होतो. माझं मत अजून बदललेलं नाही, मन्मथ. शब्द कुठून आला याचा मार्काला उपयोग नाही. पण हे म्हणायला समोर तू लागतोस. भिंतीला म्हणून काय उपयोग.

दोन आठवड्यांनी महानंदावहिनींनी बोलावून घेतलं. घरात तुझी खुर्ची तशीच, तू घरी आल्यावर लागेल म्हणून आणून ठेवलेली काठी तशीच, दवाखान्यातून आणलेली पिशवीसुद्धा अजून कुणी उघडलेली नव्हती. वहिनी म्हणाल्या, लेकीच्या, कविताच्या पोरीनं फोनवर आजोबांची ती वाटीची गोष्ट मागितली. आणि त्यांना सांगता आली नाही. आंबटाची वाटी, जादूवाला, एवढंच आठवलं, पुढचं-मागचं जुळेना. "इतकी वर्सं ऐकून कान किटले होते भावजी. पुरे करा म्हणायचे मी. आन् आता आठवंना." त्यांना तुझ्या तोंडून ती ऐकायची होती. क्लासमध्ये तुझं सगळं शिकवणं भरून ठेवलेलं आहे, त्यातून तेवढा तुकडा आणा, म्हणाल्या. मी म्हणालो, उद्याच आणतो. एवढं सोपं काम मला फार दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं.

आपला संचालक, तुझ्याच हाताखाली शिकलेला, लगेच हो म्हणाला. काय लागेल ते घेऊन जा सर, म्हणाला. एडिटिंगच्या खोलीत रुबिना असते. पूर्वी ती नांदेडला लग्नांच्या कॅसेटी जोडायची, दोन मुलांची आई, हात फार जलद. मी तिला धडा सांगितला. तिनं काढून दिला.

पडद्यावर तू आलास. तो चॉकलेटी शर्ट, खिशाला दोन पेनं. कमरेच्या हाडाचं चित्र मागं. तू म्हणालास, तीन हाडं जिथं मिळतात तिथं खोलगट भाग असतो, त्याला ॲसिटॅब्युलम म्हणतात, त्यात मांडीच्या हाडाचं डोकं बसतं, पुढं बघू. आणि पुढं गेलास. मी म्हणालो, मागं घे. तिनं मागं घेतलं. तेच. म्हणालो, गेल्या वर्षीचं लाव. तेच. त्याच्या आधीच्या वर्षीचं. तेच, शब्दाला शब्द, सरळ, स्वच्छ, मी आयुष्यभर तुला जसं शिकवायला सांगत होतो अगदी तसं. मी तिला म्हणालो, इथली एक गोष्ट तू काढून टाकली आहेस, सिरक्याची. ती म्हणाली, न्हाई सर, मन्मथ सरांच्या तासात काढायला कधी काही नसायचंच. बाकीचे सर विषय सोडून लई फिरतात, त्यांचं कापताना जीव जातो. सरांचं काम सगळ्यात हलकं.

मग पडद्याकडं बघत ती म्हणाली, "एकच व्हायचं. असा एखादा अवघड शब्द आला की सर बोलता बोलता गप उभे राहायचे. कवा कवा एकटेच हासायचे. मला वाटायचं विसरले. मी तेवढं कापून टाकायचे."

मी विचारलं, ते कापलेलं कुठं असेल. तिनं सांगितलं की नवीन बॅच आली की जागा लागते, कच्चं सगळं पुसतात, सगळ्यांचंच. तिला वाईट वाटलं असावं. तिनं मला पाणी दिलं. ती तरी काय करणार, रिकामी जागा काढून टाकणं हेच तिचं काम. मी तो तुकडा परत लावायला सांगितला आणि नीट बघत बसलो. 'ॲसिटॅब्युलम म्हणतात' आणि 'त्यात' यांच्यामध्ये तुझी मान एकदम किंचित हलते. एवढीच खूण आहे. डावा हात आधी खाली असतो आणि पुढच्या क्षणाला छातीपाशी असतो. वर कधी आला ते दिसत नाही.

म्हणजे तू सोडून दिलं होतंस. त्या सभेनंतर केव्हातरी, मला न सांगता. टपरीवर माझ्याशी भांडत राहिलास आणि वर्गात माझं ऐकत राहिलास. का रे? मी तुला जिंकायला कुठं आलो होतो. फिजिक्सचा मास्तर मी, माझं काय ऐकायचं. त्या रेणापूरच्या गृहस्थांचं तरी काय ऐकायचं, त्यांचा पोरगा गेला निघून, पास होवो की नापास. मला तुझा राग येतोय मन्मथ, आणि मेलेल्या माणसावर रागावून भागत नाही. नावं कुणी काढून घेत नाही, म्हणाला होतास. कुणी काढून घेतली नाहीत. तूच ठेवून दिलीस आणि गप उभा राहिलास. त्यानंतर किती पोरं त्या स्टुडिओतून शिकून गेली. मोठमोठ्या कॉलेजात पोचली, डॉक्टर झाली, आणि त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नाही की समोरचा माणूस कशासाठी थांबला होता.

संध्याकाळी वहिनींकडं गेलो. सापडलं का, असं त्यांनी विचारलं आणि मी नाही म्हणालो. कारण सांगितलं नाही. त्यांना काय सांगायचं? त्यांनी पदरानं खुर्चीची धूळ पुसली आणि मला तिच्यावर बसायला सांगितलं. "तुमी तरी सांगा मग. तुमाला सगळी ठाव हाय न्हवं?"

मी सांगितली. चूक केली नाही कुठं. सिरका, रोमन लोकांचं जेवण, अम्माची चारूची वाटी, माप, जादूगार, ऑक्टोपस, हाड हातात घेतलेला तो माणूस. डाव्या हाताची वाटी केली, उजव्या हाताची मूठ फिरवली. माझे हात तुझ्यासारखे दिसत नाहीत. वहिनी मन लावून ऐकत होत्या, मध्ये मध्ये मान हलवत होत्या, एकदा वाटलं, जमतंय.

सगळं झाल्यावर त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "हे बरोबर हाय भावजी. पर सांगताना ते मधीच हासायचे. कुठं हासायचे?"

मी म्हणालो, त्या उपाशी माणसापाशी असेल.

"न्हाई. तिथं आमी हासायचो. ते त्याच्या मागून हासायचे. एकटेच."

मी पुन्हा पहिल्यापासून मनात म्हणून बघितलं. पुढं काय होतं त्याच्या? मी पैसे द्यायला उठलेलो असायचो, पाठमोरा, आणि मागं तू हसायचास एवढं मला पक्कं आठवतं. वहिनी माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणालो, आठवून सांगतो. उठलो, चपला घातल्या आणि घरी आलो. तेव्हापासून तेच करतोय. मन्मथ, कुठं हसायचास रे तू?